टेकडीला वळसा घालून येणाऱ्यास यंत्र द्यावे

श्री मत्स्योदरी देवीचे स्मरण करून मी अप्पाराव सर्जेराव तौर, वय एकाहत्तर, तंत्रनिकेतनातील सर्वेक्षणाचा निवृत्त अध्यापक, राहणार अंबड, माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे हे लिहून ठेवतो. डोळे अधू आहेत, बुद्धी स्थिर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालण्याइतके जवळ आता कोणी येत नाही.

१. अंबडचे घर व पिंपळगाव रेणुकाईची जमीन एकुलता मुलगा धर्मराज यास मिळावी. रक्ताचा हक्क मी नाकारत नाही.

२. पोथ्या देवीच्या मंदिरास द्याव्यात. धर्मराजाने त्या उघडल्या असत्या तर कळले असते, की यज्ञात अग्नी शेवटी येतो. आधी भूमी शुद्ध करतात, खुंट्या रोवतात, दोरी ताणून वेदी मोजतात. मोजणी चुकली तर मंत्र शुद्ध असूनही कर्म वाया जाते. स्थापत्याचे शिक्षण याच क्रमाने व्हावे, एवढेच मी आयुष्यभर सांगत आलो.

३. मोजणीची लोखंडी साखळी अभ्यासक्रम समितीस पाठवावी. ज्या खोलीत सर्वेक्षणाचे शिबिर अनावश्यक ठरले, तेथेच ती ठेवावी. तिची दोन टोके कोणी धरायची, यासाठी त्यांना उपसमिती नेमता येईल.

४. लेव्हल यंत्र, तिपाईसह. याबाबत विस्ताराने लिहिणे भाग आहे.

माझ्या शिबिरात विद्यार्थी टेकडीच्या पायथ्याच्या खुणेपासून, एकाने धरलेली मापाची पट्टी दुसऱ्याने यंत्रातून वाचत, उंची मोजत निघत आणि टेकडीला वळसा घालून त्याच खुणेवर परतत. परतल्यावर त्याच खुणेच्या आधीच्या व नंतरच्या उंचीत थोडा फरक येतोच; ऊन, वारा, हात, डोळा यांतून कोणी सुटत नाही. तो आहे तसा लिहायचा. ज्याचा फरक शून्य, त्याला मी पुन्हा टेकडीवर पाठवी, कारण शून्य बहुधा खोलीत बसून आणलेले असते. धर्मराजाचे शून्य आले. पुन्हा चालून ये म्हटले, गेला नाही. मी त्यास नापास केले.

"पोटच्या पोराला नापास केलं, अन् मंग देवाला निवद कोन्त्या हातानं दाखवता?" असे माझी पत्नी दुर्गाबाई म्हणाली. ती गेली, प्रश्न राहिला.

पुढे धर्मराज अन्यत्र पदवीधर झाला, त्याच समितीवर बसला आणि शिबिर रद्द करण्याच्या ठरावावर त्याने सही केली. मी विचारले तेव्हा म्हणाला, "अप्पा, मोजणी तहसिलीतल्या अमीनाचं काम आहे. इंजिनियर टेबलावर डिझाइन करतो. तुमच्या टेकडीनं मला काय दिलं? एक वरीस खाल्लं."

शिबिराविना शिकलेल्या पहिल्या तुकडीतील मुलांनी दुष्काळी कामावर धावडा गावाजवळ पाट आखला. पाणी सोडले ते शेतांकडे न जाता मागे फिरले. धर्मराज म्हणाला, मजुरांनी खोदताना घोळ केला.

माझ्या शेवटच्या शिबिरात कौसल्या पुंजाराम खरात ही एकटी मुलगी होती. मुले तिला म्हणाली, "तू पट्टी धर, यंत्र आमी बघतो." ती म्हणाली, "पट्टी तुमी धरा. मला बराबर दिसतं." खुणेवर परतल्यावर मजजवळ आली.

"सर, फरक येऊन राह्यला."

"मग?"

"मंग काय, लिहिते. टेकडी काय माझ्या बापाची हाय?"

आज ती पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर आहे. यंत्रास तिच्याहून योग्य हात मला ठाऊक नाहीत. तरीही ते प्रथम धर्मराजास देऊ करावे. माझी तेरवी झाल्यावर त्याने पायथ्याच्या खुणेपासून निघावे, यंत्रातून स्वतः पाहावे आणि टेकडीला वळसा घालून तेथेच परतावे. ही अट वाचून तो खोलीत बसून एखादा खोटा फरकही लिहील, त्याचा मला भरवसा नाही. म्हणून मापाची पट्टी कौसल्येने धरावी. तो आला नाही, किंवा अर्ध्यातून परतला, तर यंत्र कौसल्येचे.

तो खुणेवर परतला, तर फरक कितीही मोठा असो, यंत्र त्याचे. माझे वकील अण्णासाहेब यांनी तेथेच उभे राहून त्यास माझ्या वतीने सांगावे, की तो पास झाला.

हे लेखन मी ऐकून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

अप्पाराव सर्जेराव तौर

साक्षीदार:
तातेराव गणपतराव जिगे, अंबड
सोनूबाई धोंडिराम शिंदे, अंबड

अंबड, माघ शुद्ध पक्ष, शके १८९८
ता. १ फेब्रुवारी १९७७