पलंगामागची भिंत

चैताली,

मी बिबवेवाडीला वन्संकडे जातेय, उद्या येईन. पलंगामागे पुन्हा बुरशी आलीय. बिल्डरचं वॉटरप्रूफिंग जाहिरातीतच राहिलं. ओट्यावरच्या बाटलीत व्हिनेगर आहे. ते फवारून तासभर थांब, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने घास आणि कोरड्या फडक्याने पूस. पंखा चालू ठेव, पलंग भिंतीपासून लांबच राहू दे.

मधला काळपट गोल मात्र बुरशीचा नव्हे, ह्यांच्या डोक्याच्या तेलाचा आहे. तिथेच टेकून पेपर वाचायचे. हे गेल्यापासून मी त्याच्या कडेकडेनेच पुसत आले. आता बुरशी त्यावरही चढलीय आणि लहानग्या ओवीचा खोकला थांबत नाही.

मी येण्याआधी तोही पुसून टाक. माझा हात काही धजेना.

आई