चाळीस जणींत एक बिल्ला

४ नोव्हेंबर
डॉक्टरबाई खवळल्याच! ‘पाणी का पीत नाही? मूत्रपिंडं भाड्याने आणलीत का?’ काय सांगू कपाळ! कारखान्यात आमच्या ओळीत शिवणाऱ्या चाळीस जणी, आणि बाथरूमला जायचा लाल बिल्ला एकच. ज्या बाईच्या गळ्यात तो असेल तीच उठणार. मग पाणी पिऊन करू काय? वर सुपरवायझर शिट्टीबाई पहाऱ्याला. त्या स्वतः कधी जाताना दिसत नाहीत. देवाने टाकीच बसवलीय वाटतं!

५ नोव्हेंबर
भाचीने फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. देशोदेशीच्या बायका, सगळ्या आमच्याच कंपनीचे शर्ट शिवणाऱ्या. आपण आपल्या भाषेत लिहायचं, भाषांतर फोन करतो. ‘मावशी, तुझ्या बिल्ल्याचं लिही ना!’
लिहिलं— आमच्याकडे चाळीस जणींत एकच बिल्ला.

६ नोव्हेंबर
अभिनंदनाचा पाऊस! ‘शूर भगिनी, चाळीस जणींतून आपणास पदक! आम्हांस अभिमान!’ मेल्या फोनने बिल्ल्याचं पदक केलं. चौदा फुलं आली, एक नाचणारं अस्वल. जेवणाच्या सुट्टीत हसून हसून पंचाईत झाली— बिल्ला दुसरीच्याच गळ्यात!

७ नोव्हेंबर
बिल्ला घालून बाथरूमच्या दारात फोटो काढला, पाठवला. 
मग एकेकीचे फोटो यायला लागले. कुणाच्या गळ्यात लाकडी चमचा, कुणाच्या हातात दोरीला बांधलेली जुनी चप्पल. एकीला तर घंटा! जाताना वाजते म्हणे. मला वाटायचं, हे डोकं आमच्याच साहेबांचं. छे, घरोघरी मातीच्या चुली! आधी हसले, मग असा राग आला की शिलाई दोनदा उसवली.

९ नोव्हेंबर
ठरलं! सोमवारी सगळ्या देशांत सगळ्या जणी ‘पदक’ घालून कामाला. फोटो थेट कंपनीला.
नवरा म्हणाला, ‘नोकरी गेली म्हणजे?’
‘आणि मूत्रपिंड गेलं म्हणजे?’
कात्री शोधायला उठला. थोड्या वेळाने पुठ्ठे कापायला बसला. एकही धड गोल नाही, पण बसला!

११ नोव्हेंबर, सोमवार
चाळीस गळे, चाळीस लाल बिल्ले. शिट्टीबाईंनी शिट्टी तोंडात धरली, वाजवलीच नाही. खुणेने मला कोपऱ्यात बोलावलं. म्हटलं, गेली नोकरी!
हळूच म्हणाल्या, ‘एखादा जास्तीचा केलायस का गं? आठ वर्षं झाली— सुपरवायझरला बिल्लाच नाहीये.’