टिटिकाकाच्या वाटेवर दिल्लीत

अश्वजितच्या बाबाले दिल्लीहून पंचफुलाचा सप्रेम जयभीम.

मी सुखरूप पोचली. खोली स्वच्छ आहे, पोळ्या तेवढ्या जाड असतात. तुमची बीपीची गोळी चालू आहे ना?

आज पेरूच्या वकिलातीत व्हिसाची मुलाखत झाली. फोटो, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, पेन्शनचा कागद, सारं तिथल्या बाईंनी शांतपणे पाह्यलं. मंग म्हणाल्या, "एकट्याच चालल्या?"

मी म्हटलं, "दोघं जाणार होतो. यांच्या पासपोर्टची मुदत चारच महिने उरली, अन् तुमाले सहा पाह्यजेत."

"तुम्ही परत याल कशावरून?"

परतीचं तिकीट तर त्यांच्या हातातच होतं. माह्या तोंडून निघून गेलं, "माहा माणूस घरी आहे ना, सुलतानपूरले."

त्या हसल्या. व्हिसा मंजूर झाला.

दुपारी डोळा लागला. तीस वर्षं शाळेत पोरायले नकाशावर दाखवलेलं पेरूतलं टिटिकाका सरोवर सपनात आलं. पाणी इतकं निळं, की आभाळ कुठं सुरू होते ते समजेना. तुमाले दाखवाले वळली, तर बाजूले कोणीच नव्हतं.

उठली अन् तिकिटाची तारीख पुढं ढकलली. व्हिसा सहा महिने चालते, असं त्या बाई म्हणाल्या. "तू जाय, मी राह्यतो" हे आता पुरे. उद्याच नव्या पासपोर्टचा अर्ज भरा. एवढं पाणी पाहून "हे आपल्या लोणारपेक्षा मोठं आहे हो" असं मी तिथं कोणाले सांगू?

तुमची,
पंचफुला