समोरच्याचं ताट

सोमवार, १२ जानेवारी

आजही फोन नाही.

रविवारी सकाळी विशूचा फोन ठरलेला. शिकागोत तेव्हा शनिवारची रात्र असते, पोरगं जेवून खोलीवर आलेलं असतं. मागचा रविवार कोरडा गेला, कालचाही. लावला तर बाई इंग्रजीत काहीतरी सांगते. वैष्णवी म्हणाली, "बाबा, दादाचा नंबरच बंद हाय."

हॉटेल उघडलं. बाळापुरात आज बाजाराची गर्दी. हात चालत होते, पण दोनदा चहात साखर टाकायची विसरलो.

मंगळवार, १३ जानेवारी

वैष्णवी माझी उलटतपासणी घेत होती. दादाचा पत्ता? माहीत नाही, दिवाळीत खोली बदलली म्हणाला होता. सोबत कोण राहतं? माहीत नाही. एखादा दोस्त? नाही.

"मंग दर रविवारी इतका वेळ तुमी दोघं बोलत काय व्हता?"

काय बोलत होतो! जेवलास का, कुठं जेवलास, ताटात काय होतं, चहा कसा होता. मी हॉटेलवाला माणूस. मला दुसरं काही विचारताच येत नाही. त्यानंही मग ताटांचे फोटो पाठवायची सवय लावून घेतली.

उन्हाळ्यात मी आणि विशूची आई मंजुषा त्याच्याकडं जाणार, पासपोर्ट करून ठेवलेत. कुठं काय खायचं ते सगळं ठरलंय. पहिल्या दिवशी डेव्हन रस्त्यावर रफीकभाईकडे — हैदराबादी माणूस, आपल्यासारखं तिखट. मग तो बोटभर जाड पिझ्झा, भाजायलाच पाऊण तास लागतो म्हणे. नदीकाठी कॉफी. कप रिकामा झाला की पुन्हा भरतात, वर पैसे नाहीत — धंदा करतात की अन्नछत्र! मक्याच्या लाह्या, पाकातल्या आणि चीजच्या, एकाच पिशवीत. पाणी मागताना 'बर्फ नको' आधी सांगायचं, मंजुषाचा घसा धरतो.

अख्खं शहर जेवून झालं माझं. आपलं लेकरू तिथं झोपतं कुठं, ते ठाऊक नाही.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

वैष्णवीनं विशूच्या कंपनीला लिहिलं होतं. उत्तर आलं. विश्वंभर दिवाळीपासून तिथं कामाला नाही.

मंजुषाला सांगितलं नाही. तिळगुळाचा डबा तिनं उघडलेलाच नाही. तिकडं बर्फ पडतंय.

गुरुवार, १५ जानेवारी

दुपारी गल्ल्यावर बसून विशूचे फोटो पुन्हा पाहिले. आणि एक गोष्ट दिसली. आधी कशी दिसली नाही, माझे डोळे फुटले होते का?

चमच्याचा दांडा पलीकडं. रोटी पलीकडून तोडलेली. पाण्याचा ग्लासही पलीकडच्या हाताशी. उभा जन्म उष्टी ताटं उचलण्यात गेला माझा, जेवणारा कोणत्या बाजूला बसला होता ते मला ताट सांगतं. दिवाळीपासूनचं एकही ताट विशूचं नाही. समोरच्याचं आहे.

घरी येऊन मंजुषाला दाखवलं. तिचा चेहराच पालटला.

"समोर पोरगी असंल हो! लाजून सांगून नाही राहिला."

मीही ते धरून बसलो. एखादीच्या नादाला लागून आईबापाला विसरलेला नालायक पोरगा — देवा, तेवढाच निघू दे. नोकरीचं मी पोटातच ठेवलं. आज दोघंही नीट जेवलो.

शुक्रवार, १६ जानेवारी

सकाळी वैष्णवीनं त्या हॉटेलांचे नंबर शोधून फोन लावले, इंग्रजी तीच बोलली. तिकडं रात्रीच्या जेवणाची वेळ, म्हणजे हॉटेलं उघडी. पिझ्झावाला म्हणाला, रोज शेकड्यानं माणसं येतात, कोणाकोणाला ओळखू? कॉफीवालीनं सॉरी म्हणून ठेवला. रफीकभाईनं उचललाच नाही. ऐन गर्दीत मी तरी कुठं उचलतो! तरी त्याला आईवरून शिव्या दिल्या.

वैष्णवीनं दूतावासालाही लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आलं. नोंद घेतली आहे.

शनिवार, १७ जानेवारी

रफीकभाईनं उचलला. विशूचा फोटो पाठवला तसा म्हणाला, "अरे, ये तो अपने विशू मियां!" मला रडूच फुटलं. मग विचारलं, सोबत कोण असतं त्याच्या?

"कोई नै भाई. अकेला आता. एक चाय लेके कोने में बैठता, फोन पे नौकरी ढूंडता."

मग ती ताटं कोणाची?

"गाहकां की. सामने खडा रहके पूछता, एक फोटू लेलूं? मेरे अब्बा होटल चलाते, उनको दिखाना है."

मी म्हणालो, "और तुमने उसको खाना काहून न्हाई दिया?"

"हौ दिया ना भाई! नक्को बोलता. खा के आया बोलता. होटलवाले का बच्चा है, मुफत का कैसा खाता?"

बर्फ सुरू झाल्यापासून तो आलेला नाही. कोणाच्या तरी तळघरात राहतो, एवढंच रफीकभाईला ठाऊक. शोधतो म्हणाला. मी म्हणालो, सापडला तर आधी जेवू घाला, बिल मी देतो. त्यावर तो चिडलाच. "होटलवाला होटलवाले से बिल लेता क्या?"

दुकानात आलो तर समोर माझीच पाटी. 'चहा पिऊन उगाच बसू नये.' उतरवली.

मंजुषाला सगळं सांगितलं. पोरगी नाही, नोकरी नाही, जेवण नाही. ती एवढंच म्हणाली,

"म्या दर रविवारी इचारलं, जेवलास का. व्हय म्हणायचा."

रविवार, १८ जानेवारी

फोनचा दिवस. फोन नाही. तिथं थंडीनं माणसं मरतात का, असं वैष्णवीला विचारलं. ती उठून गेली. घरात चूल पेटली नाही.

सोमवार, १९ जानेवारी

सकाळी रफीकभाईच्या नंबरवरून एक फोटो आला. शब्द एकही नाही. भात संपलेला, दाल बोटानं पुसून घेतलेली, रोटीचा तुकडाही उरलेला नाही.

चमच्याचा दांडा आमच्याकडं आहे.