बिनसमासाचे नकाशे

सोमवार, ३ मार्च

कापले! मेल्यांनी नकाशे कापले!

ह्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजा काय घेतली, तेवढ्यात डाव साधला. सकाळी नकाशा विभागाचं दार उघडलं तर मधल्या मोठ्या टेबलावर कटर – छापखान्यात असतो तसला, लांब पात्याचा – आणि फरशीवर कागदाच्या पट्ट्यांचा खच. मला आधी वाटलं, खोक्यांतला भरावाचा कागद असेल. वाकून एक उचलली. तिच्यावर साल छापलेलं. प्रमाणाची मोजपट्टी. कोपऱ्यात पाहणी करणाऱ्याची बारीक सही.

शहर-पाहणीच्या मालिकेचे समास! चारी बाजूंनी उडवलेले! हाताने रंगवलेली मालिका, मी इतकी वर्षं जिच्यावर माशी बसू दिली नाही ती!

शेजारच्या विभागातली आमची कॅटलॉगवाली चहा पीत उभी. "स्कॅनिंगच्या कंपनीने कापले. त्यांच्या स्कॅनरमध्ये मावत नव्हते ना, म्हणून." वर मलाच धीर देते, "आतला नकाशा अगदी सुखरूप आहे हं." चहा! नकाशांच्या खोलीत! आणि कप कुठे टेकवला होता ते लिहायलाही हात धजत नाही.

घरी येऊन ह्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले. दोन गालावर पडले. "कुणाचा राग माझ्या डोळ्यावर काढतेस?" म्हणाले.

मंगळवार, ४ मार्च

साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे ग्रंथालयाचे नवे संचालक. टेबलावर एक पुस्तक दिसेल तर शपथ.

"मॅडम, बाहेरची पांढरी पट्टी कोण बघतं? नकाशा तर आत असतो."

मी म्हटलं, साहेब, नकाशा कधीचा, किती प्रमाणाचा, कुठली खूण म्हणजे विहीर आणि कुठली म्हणजे खाण, सगळं त्या पट्टीत असतं. ती काढली की राहतं ते चित्र. भिंतीला लावा नाहीतर काय!

तर म्हणतात, "भिंतीला! छान कल्पना. खाली लॉबीत लावू." आणि लिहून घेतलं!!

शिसारी आली. दुसरा शब्द नाही. रागाने माणूस निदान ताठ तरी होतो. मला त्या खुर्चीवरून उठून फक्त हात धुवावेसे वाटले. धुतलेही.

बुधवार, ५ मार्च

पट्ट्या सोमवारीच पोत्यांत भरून रद्दीत गेल्या. मी साहेबांच्या भेटीची वेळ मागत बसले होते तेव्हा. किती अक्कल! आधी पोती धरून ठेवायची सोडून भेटीची वेळ मागत बसले.

शुक्रवार, ७ मार्च

पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर आला होता. बिचारा सभ्य माणूस. जुन्या बाजारामागे रस्ता खचतोय, खालून एखादा बुजवलेला नाला जात असेल का, बघायचं होतं. शीट काढून दिली. नाला दिसला! तो खूश. मग विचारलं, "मॅडम, हा कधीचा नकाशा? बाजार बांधण्याच्या आधीचा की नंतरचा? प्रमाण काय धरू? कुठे खणायचं ते त्यावरून ठरेल."

काय सांगू? या मालिकेच्या दोन आवृत्त्या एकाच खणात ठेवलेल्या, दोघी सख्ख्या बहिणींसारख्या. ओळख पटायची ती समासावरून. शेवटी म्हटलं, "सांगता येत नाही." नकाशा विभागात बसून, पगार घेऊन, सांगता येत नाही! तो "असू दे" म्हणाला आणि गेला. त्याचं ते "असू दे" मला सबंध दुपार टोचत राहिलं.

शनिवार, ८ मार्च

भोंगाला फोन केला. आधीच करायला हवा होता.

भोंगा म्हणजे माझी एकमेव या धंद्यातली मैत्रीण. नोकरीच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणात शेजारी बसलो होतो. कुजबुजली तरी पलीकडच्या इमारतीत ऐकू जातं, म्हणून हे नाव. पलीकडच्या शहरात तिचा नकाशा विभाग, आणि तिथे याच मालिकेचा दुसरा संच. आता जगात धड राहिलेला तेवढा एकच. आम्ही दोघी मिळून नकाशावाल्यांचं मासिक पत्रक काढतो – कुणाकडे नवी कपाटं आली, कुठला डिंक चुकूनही वापरू नये, कुणाकडे कुठली शीट जास्तीची आहे. बातम्या मी जमवते, पाठवते ती. यादी तिच्याकडे.

सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "कुठली कंपनी?" नाव सांगितलं. पुन्हा गप्प. भोंगा गप्प! मला वाटलं फोन कट झाला.

"लेख लिहिते," मी म्हटलं. "या महिन्याच्या पत्रकात पहिल्या पानावर. सगळ्यांना कळू दे."

"लिही," म्हणाली. बस्स.

बुधवार, १२ मार्च

लेख पाठवला. 'कसाई' हा शब्द दोनदा आलाय. एक ह्यांनी काढायला लावला होता, मी परत घातला.

शुक्रवार, १४ मार्च

भोंगाचा निरोप: "जरा सौम्य कर ना." सौम्य! माझ्या घरात खून झालाय आणि ही म्हणते आवाज हळू. आणि सांगतंय कोण, तर भोंगा!

मंगळवार, १८ मार्च

पत्रक आलं. माझा लेख नाही.

पहिल्या पानावर माझ्या लेखाच्या जागी त्याच कंपनीची जाहिरात. चौकटीत. 'आपला वारसा, एका क्लिकवर.' खाली संपादक म्हणून दोघींची नावं, माझं आधी!

वाचलं आणि अंगाचा नुसता तिळपापड. लगेच फोन केला. उचलला आणि म्हणते, "अगं, वरून आलं. छापावंच लागलं. आमच्याकडे पण त्यांचंच काम ठरतंय."

"आणि तू काय करणार?"

"बघू."

बघू म्हणे! मी म्हटलं, बघ तू. तोंडावर पट्टी बांधून बस आणि बघ. पुन्हा मला फोन करू नकोस.

फोन ठेवल्यावर ह्यांनी एवढंच विचारलं, "ती काय म्हणाली?" मी म्हटलं, काही नाही, ती संपली.

गुरुवार, २० मार्च

पत्रकाला उत्तरं यायला लागली. मला वाटलं होतं कुणीतरी एक जण तरी विचारेल, हे समास कापणारे लोक आपल्या पत्रकात कसे? सगळे नकाशे सांभाळणारे! पट्टी हातात घेऊन जन्मलेले!

एकाने विचारलंय, दर काय पडतो. एकीने विचारलंय, कटर त्यांचाच असतो की आपण आणायचा. तिसऱ्याने अभिनंदन केलंय. माझं!

आयुष्यभर या लोकांना मी डिंकाबद्दल लिहिलं. डिंकच खायच्या लायकीचे आहेत.

सोमवार, २४ मार्च

लॉबीत लावले. चौकटीत बसवून, मागे दिवे सोडून. बाजाराची शीट उलटी आहे. उत्तर दाखवणारा बाण समासात होता, त्यामुळे कुणाला कळलं नाही. मी सांगितलं नाही. राहू दे, निदान खरं तरी दिसतंय.

कॅटलॉगवाली म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण फोटोत या ना." गेले नाही. मग ती म्हणाली, मला हे आवडलं नव्हतं हो, पण सांगितलं तसं केलं. रडवेली झाली होती. मला दया यायला हवी होती. नाही आली.

गुरुवार, २७ मार्च

साहेबांनी मुद्दाम बोलावून सांगितलं. कंपनी सोमवारी भोंगाच्या ग्रंथालयात कामाला लागणार. कटर आमच्याच टेबलावरून उचलून नेला. "तिथल्या मॅडमनी किती सहकार्य केलं म्हणे! स्वतः सगळी मालिका खणांतून काढून, मोजून, बांधून तयार ठेवताहेत. शिका जरा त्यांच्याकडून."

शिकते. बांधून तयार ठेवताहेत! खाटकाच्या दारात स्वतःच्या हाताने शेळी नेऊन बांधायची!

घरी येऊन जेवले नाही. ह्यांना म्हटलं, कंपनीची किळस नाही हो येत, ती तशीच असते. साहेबाचीही नाही, त्याला कळतच नाही. पण हिला कळतं. नकाशाची कड बोटांनी कशी चाचपायची हे मी हिच्याकडून शिकले. हिची किळस येते, आणि ती येते म्हणून स्वतःचीही येते.

हे म्हणाले, "एकदा जाऊन ये तिच्याकडे."

नाही जाणार. तिचं तोंड बघणार नाही.

शनिवार, २९ मार्च

राजीनामा लिहून ठेवला. सोमवारी देते. उद्यानंतर धड नकाशा उरणार नाही, मग विभाग तरी कशाला सांभाळायचा? ह्यांनी वाचला आणि चष्मा पुसत राहिले.

रविवार, ३० मार्च

सकाळी बेल. दारात भोंगा, केस पिंजारलेले. मागे तिची गाडी, मागची सीट काढून टाकलेली, आत काचेपर्यंत पुठ्ठ्यांच्या चळती.

"दोन्ही दारं उघड. अख्खी मालिका आहे."

मग म्हणाली, आणि चक्क हळू आवाजात: "तुझा लेख छापला असता तर दुसऱ्या दिवशी माझ्या हातातून किल्ल्या गेल्या असत्या. जाहिरात छापली, म्हणून बांधाबांध माझ्यावर सोपवली. शिव्या नंतर दे."

"अगं, ही चोरी आहे!"

"हो. ते टोक धर, दुमडेल."

धरलं.