काबरीचे डाग

गर्टे, रामराम नंतर घालीन, आधी माझी तक्रार ऐक. मी तुला फोनवर काय सांगितलेलं? मला वांग हवाय. वांग, गो! तोंडावरचा काळा डाग. तू पलीकडून ओरडलीस, "हवीत ना? पाठवते की!" मी फोन ठेवला आणि विचार करत बसले, ही डाग पाठवणार कशातून, कुरिअरनं की काय. दोन दिवसांनी तुझा नातू ज्यूड स्कूटरवर गोणी बांधून ठाण्याहून ठाकुर्लीला हजर. आत वांगी. वर म्हणतो, "शेवंतीमावशी, आजीनं सांगितलंय अजून लागली तर कळवा." अगो, घरात आम्ही माणसं तीन आणि चौथा माझा म्हातारा, तो जेवत नाही (त्याचंच पुढं सांगायचं आहे). तरी भरली वांगी केली, भरीत केलं, जवळा घालून केली, शेजारणीला दिली, वॉचमनला दिली. शेवटी वॉचमन मला लिफ्टमधून उतरताना बघून जिन्यानं जायला लागला. जेनिफरनं हौसेनं कानाचं मशीन घेतलं, ते तू फक्त रविवारी चर्चला जाताना घालतेस. देवाचं ऐकायला मशीन, आणि माझं ऐकायचं तर नुसता कान! म्हणून हे पत्र. मला दुसरीतून काढून मिठागरावर नेलेलं, तेव्हा अक्षर हसण्यासारखं असेल. हसून झालं की वाच.

तर आता रामराम. गुडघे कसे आहेत? जिना आपला आपण चढतेस, का अजून जेनिफरच्या खांद्यावर लोंबकळतेस? (सून चांगली मिळाली म्हणून तिची काठी करू नये.) तुझ्या घरवाल्याच्या, ओस्वल्डभाऊच्या वर्षाची मिस्सा झाली असेल, मला यायला जमलं नाही, राग धरू नको. मोत मावलीला माझ्याही नावाची मेणबत्ती लाव, माझ्या देवांचं आणि माझं सध्या बोलणं बंद आहे. मी बरी आहे. रक्तातली साखर माझी सून कल्पिता हिच्या बोलण्यात आहे तेवढीच, म्हणजे नाहीच. मुलगा धनेश बरा आहे, पोट सुटलंय. जमीन बिल्डरला दिल्यापासून आमच्या घरात वाढतंय ते तेवढंच. नात कृतिकाचं लग्न झालं, सासरी कल्याणला सुखात आहे. तू लग्नाला आली नाहीस, गुडघ्यांमुळं. आलेली असतीस तर पुढचं सगळं तुला दिसलं असतं आणि मला हे लिहायची मेहनत पडली नसती.

म्हाताऱ्याचा विसरायचा आजार तुला माहीत आहे. तू गेल्या खेपेला आलीस तेव्हा नुसता चष्मा विसरत होता. आता चष्मा कशाला म्हणतात तेच विसरतो. धनेशला तो मिठागरावरचा मुकादम समजतो. मुलगा घरात आला की बाप उठून उभा राहतो. धनेश आधी रडवेला व्हायचा, "बाबा, मी हाय" म्हणायचा. आता "बसा बसा" म्हणतो, आणि म्हातारा फारच दमलेला दिसला तर त्याला सुट्टीही देतो. कृतिका त्याला नर्सबाई वाटायची. कल्पिताला तो ओळखत नाही, पण तिला त्याचं काही वाटत नाही, ओळखत होता तेव्हा तरी कुठं पटत होतं? या सगळ्यात एक मी तेवढी शिल्लक होते. मला बघितलं की अंगठा माझ्या गालावरून फिरवायचा आणि म्हणायचा, काय गो काबरे. सगळ्या जगातून त्याच्याकडं तेवढं एकच नाव उरलेलं.

हे काबरी कुठून आलं ते तुला सांगायला नको, तू साक्षीला होतीस. वरून ऊन, खालून मिठाची लकाकी. दोन्ही बाजूंनी भाजून आपल्या दोघींची तोंडं खरपूस भाकरीसारखी झालेली. तुझ्या उजव्या गालावर मोठा डाग, माझ्याही उजव्याच. कपाळाला, नाकाच्या दांडीला बारके बारके. बाया म्हणायच्या, ह्या दोघी एका तव्यावरच्या. लग्न करून मला घरी आणली तेव्हा यानं पहिल्यांदा नीट बघून म्हटलं, अरे, ही तर काबरी. ठिपक्याठिपक्यांच्या कोंबडीला आमच्यात काबरी म्हणतात. मला एवढा राग आला की आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंच नाही, म्हणून मग बोलायला लागले.

आता लग्नाकडं येते. कृतिकाचं ठरलं तशी घरात तोंडं उजळायची साथ आली. नवरीचं समजू शकते, पण माझी नात माझ्या गालाला बोट लावून म्हणते, "आजी, हे पिगमेंटेशन आहे, जातं हे." मी म्हटलं, बाय, हे मीठ आहे. पण खोटं कशाला बोलू, मला हौस आली. जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्या तोंडाकडं एवढं निरखून बघितलेलं. मोहने गावची विहीण (कल्पिताची आई, जिला जगातल्या सगळ्यावर उपाय माहीत आहे, स्वतःच्या जिभेवर सोडून) म्हणाली, लिंबू चोळून उन्हात बसा. बसले. तोंडाला फोड आले आणि डाग होता त्याच्या दुप्पट झाला. मग मसुराची डाळ दुधात वाटून लावली, ती वाळून एवढी ताठ झाली की शिंक आली तेव्हा गालाचे तुकडे जमिनीवर पडले. मेडिकलवाल्यानं मग एक ट्यूब दिली, आठवड्यात गोरी व्हाल म्हणून. कृतिकानं ती हिसकावून फेकली आणि मला डोंबिवलीला कातडीच्या डॉक्टरणीकडं नेलं.

पोरगी बरी होती, कृतिकाच्याच वयाची. भिंग लावून माझं तोंड वाचलं आणि विचारलं, "आजी, उन्हात किती वेळ असता?" मी विचारलं, आता की तेव्हा? ती हसली नाही, तिनं लिहून घेतलं. म्हणाली, हे जन्माचं ऊन आहे, पुसून जाणार नाही, फिकं होईल, धीर धरा. आणि मनानं ट्यूब आणून लावाल तर कातडी पातळ होऊन बसेल. रात्रीला वाटाण्याएवढं मलम दिलं. दिवसाला दुसरं पांढरं, ते घरात बसलं तरी लावायचं, दुपारी पुन्हा लावायचं. मी म्हटलं, घरात कुठलं ऊन? तर म्हणे, खिडकीतून येतं. म्हणजे आधी मी उन्हाकडं जायची, आता ते माझा पत्ता शोधत सातव्या मजल्यावर येतं. ते पांढरं फासून बाजारात गेले तर भाजीवालीनं विचारलं, आजी, गिरणीतून आलात का? डॉक्टरणीनं दोन-तीनदा तोंडाला कसलंसं पाणी लावून साल काढली, उकडलेल्या बटाट्याची निघते तशी. आणि जाताना दर वेळी बजावायची, "मलम बंद केलंत, उन्हात गेलात, तर डाग परत येतील हां." हे वाक्य लक्षात ठेव, मी त्याच्यावरच आशा लावून बसले आहे.

कारण औषध लागू पडलं, गो. पावसाळ्यात सुरू केलेलं, लगीनसराईपर्यंत गालावरचा मोठा डाग चहा सांडून पुसल्यासारखा दिसायला लागला, आणि बारके तर गेलेच. आरशात बघितलं तर आत कुणीतरी बामणीण बसलेली, जिनं जन्मात मिठाची पाटी उचलली नाही. या दिवसांत म्हाताऱ्याचं सगळं मीच करत होते, तो माझ्याकडं बघतही होता, पण अंगठा फिरवायचा कधी थांबला ते मला लग्नाच्या गडबडीत कळलं नाही. हळदीला डीजे होता, सगळा गाव नाचला, फोटो असे आले की विहीण दोन दिवस बोलली नाही. तेवढं एक सुख.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्यासमोर ताट घेऊन बसले. सुकटीचं कालवण, भाकरी कुस्करलेली, त्याच्या आवडीचं. घास पुढं केला तर यानं सदरा खाली ओढून नीट केला, पाय जवळ घेतले आणि म्हणाला, "तुम्ही कुणाकडं आलात, बाई?" गर्टे, तुम्ही! या माणसानं मला जन्मात अहोजाहो केलं नव्हतं. चारचौघात तरी बरं बोल म्हणून सांगून माझा घसा गेला, आणि आता मान मिळाला तो असा. मी म्हटलं, अरे मी काबरी. तर माझ्या तोंडाकडं बघून हसला, लहान पोरं खोटं बोलतात तेव्हा हसतात तसा. म्हणाला, आवाज तिच्यासारखा आहे, बहीण का तुम्ही तिची? ती मिठागरावर गेलीय, येईल एवढ्यात. मग दाराकडं बघून हळूच म्हणाला, "तुम्ही निघा बाई. तोंडाची लय फटकळ आहे ती. मला परक्या बाईच्या हातचं खाताना बघितलं तर उभा चिरेल."

मी निघाले. स्वयंपाकघरात जाऊन ताट ठेवलं. काय करणार, परक्या बाईच्या हातचं खाऊ नको असं मीच शिकवलेलं असणार, आणि सगळं विसरून हा गडी तेवढं मात्र लक्षात ठेवतो.

तेव्हापासून तो चहात बिस्कीट बुडवून खातो, धनेश मुकादमी आवाजात दरडावतो तेव्हा दोन घास गिळतो, बस. सदऱ्यात आता दोन राघो मावतील (नवऱ्याचं नाव घेतलं बघ, वय झालं). डोक्याचा डॉक्टर म्हणतो, आजी, डागाचा काही संबंध नाही, आजार पुढं सरकला, कधीतरी हे व्हायचंच होतं. असेल. तो शिकलेला आहे. पण आजाराला शिव्या देऊन बघितल्या, त्याला कान नाहीत. तोंड माझं स्वतःचं आहे, त्याला दोन लगावता तरी येतात.

मी काय काय केलं ते ऐक. आधी मशेरी ओली करून गालाला डाग काढला, मापात. यानं बघितलं, टॉवेलाचं टोक पुढं केलं आणि म्हणाला, बाई, तोंडाला काहीतरी लागलंय. मग सगळी मलमं बंद केली आणि विहिणीचा लिंबाचा उपाय काढला. दुपारी गच्चीवर पाण्याच्या टाकीशी बसते, पदर खाली, तोंड वर. तोंड नुसतं लाल होतं, सोलतं, पुन्हा गोरं निघतं. यानं विचारलं, ताप आलाय का तुम्हाला? धनेश ओरडतो, म्हातारे, चक्कर येऊन पडशील. कल्पिता परवा गुपचूप छत्री आणून ठेवून गेली. मी ती उघडली नाही, पण ठेवली जवळ. डॉक्टरणीला जाऊन विचारलं, तू म्हणालेलीस परत येतील, कधी येतील? ती बिचारी म्हणाली, आजी, लोक मला उलटं विचारतात. वेळ लागेल, म्हणाली. अगो, ते डाग यायला माझी सगळी उमर लागलेली. याच्याकडं तेवढे दिवस नाहीत.

तर असं आहे. म्हणून त्या दिवशी फोनवर वांग मागत होते, तुझ्या आयशीला माहीत असलेला एखादा पाला, ज्यानं काळं पडतं, असा काही असेल म्हणून. आता जास्त लिहीत नाही, बोटं आखडली. जेनिफरला आशीर्वाद. ज्यूडला सांग, स्कूटर हळू चालव.

तुझी
शेवंती

ता. क. पाला राहू दे. तू ये. तुझ्या तोंडावर अजून सगळं जागच्या जागी आहे, मला माहीत आहे, तू कंजूस, मलमाला पैसा घालणार नाहीस. उजव्या गालावरचा आहे ना मोठा? त्याला काही लावू नको. माझं हिरवं लुगडं काढून ठेवलंय, ते नेस, क्रूस पदराच्या आत घे आणि त्याच्यासमोर ताट घेऊन बस. काबरी म्हणाला तर ओ दे. वाईट वाटून घेऊ नको, मलाही सुरुवातीला वाटलेलं. गालाला अंगठा लावेल, लावू दे. तुला ऐकू येत नाही ते एका परीनं बरंच आहे, तो काय बोलतो ते माझं आहे. मशीन घालून बसू नको. मी स्वयंपाकघरात असेन, गरम भाकरी आतून देत जाईन, तो मागेल तेवढ्या.

ता. क. दुसरा. तरी काही ऐकू आलंच तर मला येऊन सांगू नको. (सांग.)

ता. क. तिसरा, हा तेवढा जेनिफरला वाचायला दे. बाय जेनिफर, तुझ्या सासूला विचारशील तर ती आत्ताच पिशवी भरेल, गुडघे तुटले तरी नाही म्हणणार नाही, मी तिला लहानपणापासून ओळखते. स्टेशनचा जिना चढून तिला काही झालं तर मी कुणाकुणाला पुरे पडू? म्हणून या पत्राचं उत्तर तिनं द्यायचं नाही, पेनाला हातही लावायचा नाही. उत्तर तू लिहायचं. आणि नाही असेल तर स्पष्ट नाही लिही.