परत पाठवलेला आंबेमोहोर

पिरंगुट, शुक्रवार, ८ डिसेंबर १९६१

तांदूळ परत केला. शेजारचे दगडूतात्या दरसाल नव्या आंबेमोहोराची पहिली पायली आमच्याकडे आणतात. आज मी ती उंबऱ्यावरूनच परत पाठवली. ज्याचं काम आपल्याकडे आहे त्याच्याकडून काही घेऊ नये, हा विद्यापीठाचा आचारनियम कचेरीच्या भिंतीवर माझ्याच सुवाच्य अक्षरात लटकतो आहे. आणि तात्यांच्या इंदूच्या पदवी-प्रमाणपत्राचा अर्ज माझ्याच टेबलावर.

"औंदाच तांदळाला इटाळ झाला व्हय, भाऊसाहेब?"

मी नियम म्हणून दाखवला. आवाज अगदी कीर्तनकाराचा.

"नेम लई चांगला हाय. पन पोरीचा कागद कुटं अडलाय? सोमवारी शाळंत मुलाखत हाय तिची. कागद न्हाई तर नोकरी न्हाई."

"अर्जाची पाळी आली की मिळेल," म्हणालो.

खोटं. पाळी दहा दिवसांपूर्वीच येऊन गेली. शेजाऱ्याचं काम आधी केलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मीच तो अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. लाच घेतली नाही. अब्रू जपली, तीही माझी, इंदूच्या नोकरीच्या जिवावर. याविरुद्ध नियम कसा नाही? की आहे, आणि मी तो भिंतीवर उतरवलाच नाही?

ओसरीवर अजून आंबेमोहोराचा वास आहे.

उद्या शनिवार, अर्धा दिवस कचेरी. पहिली एस.टी. पकडायची, अर्ज वर काढायचा, सही घ्यायची, कागद स्वतः तात्यांच्या हातात द्यायचा. आणि उशीर का झाला, तेही सांगायचं.

ते ऐकल्यावर पुढच्या साली तांदूळ परत करायची वेळच बहुधा येणार नाही.